आक्काच्या वाटणीचे व्यायाम

कोल्हापूरच्या स्टँडवर बंगलोरची गाडी लागली, तेव्हा पोचवायला आलेल्या माझ्या मुलानं खिडकीतून सांगितलं, "आई, पिशवी मांडीवर ठेव, गाडीत कुणाशी भांडू नको, आणि कुणी विचारल्याशिवाय सल्ला देऊ नको." पिशवी मी मांडीवर ठेवली. बाकीचं मी काही कबूल केलं नव्हतं.

माझी थोरली बहीण सरूआक्का लग्न होऊन बंगलोरला गेली आणि तिथलीच झाली. तिच्या सासरचे लोक मराठेच, पण पार जुन्या काळी तिकडे जाऊन राहिलेले. घरात मराठी बोलतात, पण निम्मी कानडी. तर या आक्काचा आमच्या गावातल्या फोनच्या दुकानात निरोप आला, "इंदे, माझे गुडघे गेले. मी आता वरून खाली येत नाही. तूच ये." तिचा धाक मला अजून आहे. मी निरगुडीचं तेल बाटलीत भरलं आणि निघाले.

ती बाटली पिशवीत आडवी झाली आणि तेल शेजारच्या गृहस्थाच्या विजारीवर सांडलं. तो झोपला होता. जागा झाला आणि म्हणाला, "हे काय?"

मी म्हटलं, "निरगुडी. गुडघ्याला फार चांगलं."

"माझे गुडघे चांगले आहेत."

"मग आणखी चांगले होतील."

दावणगेऱ्याला तो माझ्याकडे न बघता उतरला. चालताना त्याला काही त्रास दिसला नाही.

सकाळी बंगलोरच्या मॅजेस्टिक स्टँडवर उतरले, तर उन्हाळ्यातही हवा गार. माणसं स्वेटर घालून उभी, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एवढी मोठी झाडं, की शहर झाडांमधून वाट काढत वाढलं असावं असं वाटलं. आम्ही कागलकडची माणसं, हद्दीवरची, त्यामुळे कानडी मला बोलता येत नसलं तरी बरंचसं कळतं. रिक्षावाल्यानं चिकपेटच्या तोंडाशी रिक्षा थांबवली आणि सांगितलं, "अज्जी, पुढे रिक्षा जाणार नाही. पुढे माणूसच कसाबसा जातो."

खरंच होतं ते. चिकपेट म्हणजे सगळा कापडाचा ठोक बाजार. दोन्ही बाजूंनी साड्या लोंबतात आणि मधून हमाल डोक्यावर गठ्ठे घेऊन "जागा बिडी! जागा बिडी!" (वाट सोडा) ओरडत धावतात. मी वाट सोडता सोडता चार दुकानांत जाऊन आले. दर दुकानात मला बसवून साड्या दाखवल्या.

आक्काचं घर एका साडीच्या दुकानावर. दुकान तिच्या मुलाचं, व्यंकटचं. वर जायचा जिना असा उभा, की सुतारानं शिडी करायला घेतली असावी आणि मधेच विचार बदलला असावा. मी कठड्याला धरून वर पोचले. आक्का खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती. ती खुर्ची भरून बाहेर आली होती.

"आलीस का? स्वल्प (जरा) दम खा. मी उठत नाही."

"उठू नको. खुर्ची पण येईल बरोबर," मी म्हटलं.

तिची सून पद्मा कॉफी घेऊन आली आणि तोंडावर पदर धरून हसली. पद्मा चाळिशीच्या आतबाहेरची, काटक, चपळ. मी आक्काला विचारलं, "औषधपाणी काय चालू आहे?"

"औषध नाही. व्यायाम," आक्का म्हणाली. काशीला जाऊन आल्यावर बाई जशी सांगते, तशी. "पालिकेच्या दवाखान्यात व्यायामाचा मेष्ट्रू (मास्तर) नेमलाय. गुडघेवाल्यांना आणि साखरवाल्यांना. डॉक्टरीणबाई तपासतात आणि मेष्ट्रूकडे पाठवतात. माझा महिना होत आला."

"मग गुण?"

"अजून नाही. पण चालू आहे ना!"

दमले होते, म्हणून मी पुढे विचारलं नाही. तेव्हाच विचारायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. व्यंकट मला लालबाग बघायला घेऊन गेला. बाग सुंदर आहे, मोठी आहे, मधे एक भला थोरला खडक आहे. पण मी झाडांपेक्षा माणसंच बघत बसले. चांगली शिकलेली, पोट सुटलेली माणसं पांढरे कॅनव्हासचे बूट आणि माकडटोपी घालून आग लागल्यासारखी चालत होती. एकाला मी हिंदीतून विचारलं, "कुठे निघालात?"

"कुठेच नाही, अम्मा. डॉक्टरनं चालायला सांगितलंय."

"डॉक्टर कुठे आहे?"

"तोही चालतोय. पुढे गेला," त्यानं बोट दाखवलं. एक टक्कल झपाझप दूर जात होतं.

हे लोक मोटारीनं चालायला येतात, चालून झालं की मोटारीनं घरी जातात. चालण्यासाठी मोटार लागत असेल तर हा काही आपल्यासारख्यांचा उद्योग नाही, असं माझं तेव्हा मत झालं.

दुपारी पद्मानं मटणाचा रस्सा आणि मुद्दे केले. मुद्दे म्हणजे नाचणीच्या पिठाचा शिजवलेला गोळा, क्रिकेटच्या चेंडूएवढा. सगळे गपागप खात होते. मी घास घेतला आणि चावला. ते चावायचं नसतं, गिळायचं असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. माझी वरची कवळी मुद्द्यातच राहिली. व्यंकटनं ती काढून धुऊन दिली. गुणी मुलगा आहे.

सोमवारी सकाळी कामं उरकून पद्मानं पदर खोचला, वेणी वर बांधली आणि चपला घातल्या.

"कुठे गं?"

"अत्तेंचे (सासूबाईंचे) व्यायाम काढून येते, मावशी. स्वल्प उशीर झालाय."

मी आक्काकडे बघितलं. आक्का शेंगा सोलत होती. "जा गं, लवकर जा," ती सुनेला म्हणाली, "आणि परवा पाठीचा एक राहिला होता, तो धरून दोन काढ."

मी पुन्हा पद्माकडे बघितलं. "म्हणजे व्यायाम हिचे, आणि करतेस तू?"

पद्माला माझ्या प्रश्नाचं नवल वाटलं. "अत्तेंच्या नावानं शनिवारी मारुतीला प्रदक्षिणा मीच घालते. त्यांचा सोमवारचा उपवास मीच धरते. मग व्यायाम कुणी काढायचे?"

प्रदक्षिणा पोचते हे मलाही मान्य होतं. मी चपला घालून तिच्याबरोबर निघाले.

पालिकेचा दवाखाना दोन गल्ल्या सोडून. पुढच्या बाजूला औषधाची खिडकी आणि बाटल्या घेऊन उभ्या असलेल्यांची रांग. मागच्या अंगणात एका मोठ्या झाडाखाली व्यायाम. तिथे पंधरा-वीस बायका ओळीनं उभ्या होत्या. सगळ्या तरण्याताठ्या. समोर गळ्यात शिट्टी अडकवलेला, पैलवानी छातीचा एक माणूस, पांढरी पँट आणि पांढरा शर्ट. हेच बसवराज मेष्ट्रू. ते शिट्टी फुंकत आणि "ओंदु, एरडु, मूरु" असं मोजत. बायका उठत, बसत, हात वर नेत, बांगड्या वाजत. असा झकास कार्यक्रम मी जत्रेतही बघितला नव्हता. एक बाई तर लांबच्या आनेकल गावाहून पहाटेची बस धरून येत होती, सासूचे व्यायाम काढून परत जायला.

मधल्या सुट्टीत मेष्ट्रूंनी शिट्टी फुंकून चहा मागवला. मी बाकावर जाऊन त्यांच्याजवळ बसले. पद्मा मधे उभी राहून माझं बोलणं कानडीत सांगत होती.

मी विचारलं, "मेष्ट्रू, तुमचे आजारी लोक कुठे आहेत?"

"घरी, अज्जी. म्हातारी माणसं. जिने उतरवत नाहीत त्यांना. म्हणून मी सांगितलं, घरचं एक माणूस पाठवा. ते इथे शिकतं, घरी जाऊन त्यांच्याकडून करवून घेतं." आणि आनंदानं म्हणाले, "हजेरी एकदम उत्तम आहे. शुक्रवारी मोठे साहेब येणार आहेत. दवाखान्यात व्यायामाचा माणूस ठेवायचा की नाही, हे ते त्या दिवशी ठरवतील. आत्ता मी सहा महिन्यांसाठीच आहे. रोग्यांना गुण दिसला तर जागा कायम. नाही दिसला तर मी माझ्या भावाच्या हॉटेलात, इडल्या वाढायला."

मी पद्माकडे वळले. "तू आक्काकडून करवून घेतेस का गं घरी?"

"मी? कशाला?" पद्मा म्हणाली. "इथे झाले ना काढून!"

"हे त्यांना सांग," मी म्हटलं.

पद्मानं सांगितलं. मेष्ट्रूंनी दुसऱ्या बाईला विचारलं. मग तिसरीला. मग सगळ्या ओळीला. प्रत्येकीनं तेच सांगितलं, आणि आनेकलच्या बाईनं तर वर विचारलं, "म्हणजे दोनदा करायचे असतात?"

मेष्ट्रूंच्या हातातली शिट्टी सुटून चहाच्या कपात पडली.

महिनाभर सगळ्या चिकपेटच्या सासवा खुर्चीत बसून होत्या आणि त्यांचे गुडघे सुना वाकवत होत्या.

मेष्ट्रू मोठ्यानं रडणारा माणूस नव्हता, पण तोंड उतरलं. मला त्यांची दया वगैरे आली नाही. घरोघरी जाऊन एकदा बघितलं असतं तर काय झिजले असते? तसं मी त्यांना म्हणालेही. ते म्हणाले, "खरं आहे, अज्जी," आणि त्याच दुपारी आक्काचा जिना चढून वर आले. वर येऊन त्यांनी शिट्टी फुंकली. आक्काच्या मांडीवरच्या शेंगा खाली सांडल्या.

"अम्मा, खुर्चीतून उठायचं आणि बसायचं. ओंदु!"

"अय्यो! मला उठता येत असतं तर दवाखान्यात नाव कशाला घातलं असतं?" आक्का म्हणाली.

"हात टेकून उठा."

"असं करा, मेष्ट्रू," आक्का तडजोडीला आली, "मोजायचं मी मोजते. उठायचं पद्मा उठेल."

मी काखेत हात घालून तिला उठवलं. ती एकदा उठली आणि मेष्ट्रूंच्या सात पिढ्यांना मराठीत आणि कानडीत आलटून पालटून काय काय म्हणाली. गुरुवारपर्यंत एवढंच जमलं, की मेष्ट्रूंची शिट्टी गल्लीत ऐकू आली की आक्का डोळे मिटून झोपल्याचं सोंग करायची. बाकी घरांतही असंच, असं मेष्ट्रू म्हणाले. एका सासूनं तर देवघराला आतून कडी लावली होती.

शुक्रवार उजाडला. साहेबांना रोगी तरी दिसले पाहिजेत, म्हणून मेष्ट्रूंनी सगळ्या सासवांना दवाखान्यात आणायचं ठरवलं. आक्काला खाली न्यायला व्यंकटनं दुकानाचे दोन हमाल बोलावले. त्यांनी तिला खुर्चीसकट उचललं.

"हलू नका, अज्जी," पुढचा हमाल म्हणाला. "आम्ही समजतो की रेशमी साड्यांचा गठ्ठा आहे."

"रेशमीच ना?" आक्कानं खात्री करून घेतली, आणि "जागा बिडी!" च्या गजरात तिची पालखी निघाली. पुढच्या चौकात दुसऱ्या गल्लीतून आणखी दोन सासवांच्या खुर्च्या येऊन मिळाल्या. आधी कोण जाणार यावरून थोडी बोलाचाली झाली. आक्का आधी गेली.

मोठे साहेब म्हणजे बारीक अंगाचे, चष्मेवाले, डोकं हलवत बोलणारे गृहस्थ. बरोबर दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई. अंगणात एकीकडे खुर्च्यांवर सासवा आणि दुसरीकडे उभ्या सुना. साहेबांनी सासवांना विचारलं, "कुणाला बरं वाटतंय?"

एक सासू म्हणाली, "येताना बरं वाटत होतं."

"महिनाभराच्या व्यायामानं कुणाचेच गुडघे सुधारले नाहीत?"

मेष्ट्रूंनी खाली बघत सगळी हकिकत सांगितली. प्रदक्षिणेचीसुद्धा. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग ते सुनांकडे गेले आणि पद्माला म्हणाले, "म्हणजे महिनाभर तुम्ही करताय. तुम्हाला काय झालं?"

पद्मा लाजली. "माझी पाठ दुखायची, साहेब. हंडे उचलून उचलून. ती थांबली."

"माझी मान धरायची. आता धरत नाही," दुसरी म्हणाली.

आनेकलची म्हणाली, "बस सुटत असली की मला धावताना धाप लागायची. आता मी कंडक्टरच्या आधी चढते."

औषधाच्या खिडकीतून कंपाउंडरनं मान बाहेर काढली. "खरंय, साहेब. या सगळ्या माझ्याकडून दुखण्याच्या गोळ्या न्यायच्या. आता एकही येत नाही. गोळ्या पडून आहेत."

डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, "औषध चांगलंच आहे, सर. घेतलं दुसऱ्यांनी."

आणि तेव्हा आक्का कडाडली.

"म्हणजे? नाव माझं, दुखणं माझं, आणि गुण हिला?" तिनं पद्माकडे बोट रोखलं. "माझ्या वाटणीचा गुण हिनं खाल्ला! महिनाभर मी वाट बघत बसले, आणि ही रोज इथे येऊन खात होती!"

"अत्ते, मला काय माहीत तो मलाच लागेल?"

"परत दे!"

"कसा परत देऊ?"

आता सगळ्याच सासवांना कळलं. एकच कालवा झाला. एक सासू सुनेला विचारत होती की माझ्या साखरेचं काय केलंस. दुसरी म्हणाली की दागिने कपाटात ठेवते, आता गुडघे कुठे ठेवू. मेष्ट्रूंनी शिट्टी फुंकली, कुणी ऐकली नाही. साहेब तोंडावर रुमाल धरून बाजूला जाऊन उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते.

परत आले तेव्हा चेहरा सरळ केलेला होता. "पुढच्या शुक्रवारी मी पुन्हा येतो," ते म्हणाले. "ज्याचा गुडघा, त्यानंच यायचं. त्या दिवशी हे अंगण असंच सुनांचं दिसलं, तर ही जागा बंद. मास्तरांना दुसरीकडे काम बघावं लागेल."

हमाल खुर्ची उचलायला आले, तसं आक्कानं विचारलं, "पद्मा कुठे आहे?" पद्मा घरी स्वयंपाकाला पुढे गेली होती. "बघा," आक्का सगळ्यांना म्हणाली, "कशी पळतेय. माझ्या पायांनी."

शनिवारी सकाळी पद्मानं सवयीनं पदर खोचला. आक्कानं तिला दारात अडवलं. म्हणजे खुर्चीतूनच अडवलं. "तू घरी बस. एवढे दिवस खाल्लंस तेवढं पुरे." मग ती हात टेकून उठली आणि जिन्याच्या तोंडाशी जाऊन बसली. बसल्या बसल्या एकेक पायरी खाली सरकत गेली. मी पुढे उभी होते. मला वाटलं, पडली तर मी मरणार. ती पडली नाही, पण खाली पोचायला तिला एवढा वेळ लागला, की दुकानातल्या गिऱ्हाइकांनी दोन वेळा चौकशी केली. दवाखान्याच्या अंगणात पोचलो, तर आणखी चार सासवा आधीच येऊन बसलेल्या. सुनेवर विश्वास ठेवायला कुणीच तयार नव्हतं.

मेष्ट्रूंनी या वेळी शिट्टी खिशात ठेवली. एकेकीजवळ जाऊन, गुडघ्याला हात लावून, कुठे दुखतं ते विचारून, जेवढं झेपेल तेवढंच सांगत होते. आक्का म्हणाली, "याला हे येत होतं, तर आधी नुसता फुंकत का होता?" मी म्हटलं, "आधी तू कुठे होतीस?" ती दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

पुढच्या शुक्रवारी साहेब दारातच थांबले. अंगण सासवांनी भरलं होतं, पाय ठेवायला जागा नव्हती. कुणी बरी झाली होती असं मी म्हणणार नाही. आठवड्यात काय होतं? पण बहुतेक जणी आपल्या पायांनी आल्या होत्या, कण्हत, शिव्या देत. आक्का साहेबांसमोर हात न टेकता बाकावरून एकदा उठली आणि धाडकन परत बसली. बाकावरच्या बाकीच्या बायका उडाल्या.

"किती गुण आला, अम्मा?" साहेबांनी विचारलं.

"किती ते नंतर विचारा," आक्का म्हणाली. "आलाय तो माझा आहे."

साहेब डॉक्टरीणबाईंना घेऊन आत गेले. मेष्ट्रू झाडाला टेकून उभे राहिले आणि शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत राहिले. बोट निळं पडलं तेव्हा मी सोडवली. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "आणखी एक वर्ष. मग पुन्हा बघू." मेष्ट्रूंनी शिट्टी तोंडात धरली आणि एवढ्या जोरात फुंकली, की औषधाच्या रांगेतल्या एकाच्या हातून बाटली फुटली.

तेवढ्यात फाटकाबाहेर गलका झाला. पद्मा आणि बाकीच्या सुना उभ्या होत्या. त्यांचं म्हणणं असं, की पाठ पुन्हा दुखायला लागली आहे आणि घरातून तासभर सुटका होत होती तीही गेली. आम्हाला आमच्या नावानं कागद काढून द्या. मेष्ट्रूंनी त्यांना दुपारची वेळ दिली. आक्काला हे पटलं नाही, पण स्वतःच्या नावानं खात असेल तर खाऊ दे, म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी निघाले. आक्का मला पोचवायला खाली आली. बसून, सरकत. जिन्याखाली उभी राहून म्हणाली, "परत येशील तेव्हा मी पायांनी उतरेन." मी म्हटलं, "बघू." खोटं आश्वासन मी देत नाही आणि घेतही नाही.

परतीच्या गाडीत मी विचार करत होते. दवाखान्यात तपासणारा असतो, सुई टोचणारा असतो, बाटली भरून देणारा असतो. पण माणसाला उठायला, बसायला, चालायला लावणारा कुणी नसतो. लालबागेतल्या मोटारवाल्यांना तो परवडतो. ज्यांना परवडत नाही, त्यांचे गुडघे काय वेगळे असतात? त्यांनाही तो दवाखान्यातच मिळाला पाहिजे, नर्सबाई मिळते तसा. फक्त त्यानं घरी जाऊन एकदा बघावं, व्यायाम नेमका कोण करतंय.

गावी आले आणि दुसऱ्याच दिवशी आमच्या सरकारी आरोग्य केंद्रात गेले. कंपाउंडर एकटाच बसला होता, टेबलावर पाय टाकून. मी त्याला सगळं सांगितलं. चिकपेट, मेष्ट्रू, सासवा, सगळं. तो शेवटपर्यंत हसत ऐकत होता. मग मी विचारलं, "आपल्याकडे व्यायामाचा माणूस कधी येणार?"

त्यानं पाय खाली घेतले. "येईल, आजी, येईल," तो म्हणाला. "आधी डॉक्टर तर येऊ दे."